एक ऐकली का दोन?

दुपारचे तीन वाजलेत आणि मी बूट न काढताच रजईत शिरलोय. रजई इथली, पहाडातली, आत लोकर भरलेली, बैलाच्या झुलीसारखी जड. छत्तीस वर्षं संगमनेरच्या शाळेत पी.टी. शिकवली, बुटाला चिखल दिसला की पोराला रांगेबाहेर काढलं, आणि आज स्वतःच्या बुटाची नाडी सोडवायला हात खाली जात नाही. जाऊ दे. कोण बघतंय?

बाहेर अंगणात ऊन आहे. सिंधू वहिनी घरमालकिणीजवळ बसल्यात. एकीची हिंदी संगमनेरची, दुसरीची पहाडी, पण दोघीही नवऱ्यामागे राहिलेल्या, त्यामुळे बोलणं काही अडत नाही. मधूनच वहिनींचा आवाज येतो, "हमारे उनको भी ना..." आणि पुढचं वाऱ्यावर जातं.

"हमारे उनको" म्हणजे भास्कर वाकचौरे. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, आणि चाळीस वर्षं माझा डोंगरातला सोबती. मागच्या जानेवारीत या गावाच्या वरच्या बर्फाच्या धारेवर तो गेला. आम्ही चौघं होतो, सह्याद्रीत गुडघे झिजवून झाल्यावर म्हातारपणी बर्फ बघायला निघालेले, आणि पुढं वाट दाखवायला इथला बलवंतसिंग. वहिनींना मी आधी फोनवर सांगितलं, नंतर समोर बसून सांगितलं, की धारेच्या कडेचा बर्फ तुटला, भास्कर पडला आणि जागीच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

पडला, इथपर्यंत ते खरं आहे.

त्याला घरी आणला तेव्हा वहिनींनी एकच प्रश्न विचारला होता. "भाऊजी, यांच्या ओठाला काय झालं?" खालच्या ओठाचं सालटं निघालेलं होतं. मी म्हटलं, थंडीनं फुटतात ओठ वर. त्यांनी मान हलवली, पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी मात्र वर्षभर त्यांच्या दारावरून जाताना सायकल जोरात मारत राहिलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

वर्षश्राद्ध झालं आणि वहिनींनीच हट्ट धरला, की ती जागा लांबून का होईना, बघायची. नेणार कोण? मीच. उद्या सकाळी वरच्या पहिल्या कुरणापर्यंत जायचंय, तिथून धार समोर दिसते. तिथं दगडांच्या राशीत भास्करची शिट्टी ठेवायची असं वहिनींच्या मनात आहे. सामानाबरोबर पोलिसांनी दिलेली ती शिट्टी त्यांच्या पर्समध्ये रुमालात बांधलेली आहे. आणि आज पाच वाजता बलवंतसिंग चहाला येणार आहे. दुसऱ्या दिवशी भास्करपर्यंत दोरानं खाली उतरला तो बलवंतच. त्याला सगळं माहीत आहे, आणि वहिनींशी खोटं बोलायचं त्याला काही कारण नाही.

म्हणजे पाचच्या आत मीच सांगायला हवं. दहा मिनिटं पडू आणि मग उठून सांगू, असं मी ठरवतो. असं मी वर्षभर ठरवतोय.

रजईचं वजन पायांवर बसतं. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. ते गार आहे आणि थोडं ओलं. मी पाय उचलून पुढं टाकतो, तो पुन्हा पोटरीपर्यंत आत जातो. बरं झालं बूट काढले नाहीत, असं मला वाटतं.

धार अरुंद आहे. डावीकडं पांढरं, उजवीकडं पांढरं, आणि दोन्हीकडचं पांढरं कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं ते समजत नाही. माझ्यापुढं कुणी नाही. मागून मात्र पावलं येतात. खर्र, खर्र, मग थांबणं, मग पुन्हा खर्र. हे थांबणं मी ओळखतो. आमच्या टोळक्यात सगळ्यात मागच्याला शेपूट म्हणतात, आणि चाळीस वर्षं भास्करच शेपूट होता, कारण तो वाटेवरच्या प्रत्येक शेणाच्या पोवाजवळ थांबायचा. ही गाय गाभण आहे, हिच्या पोटात जंत झालेत, असं आम्हाला ओरडून सांगायचा.

"मास्तर."

मागं बघू नये असं वाटतं. का, ते कळत नाही. मी बघतोच.

तीच निळी माकडटोपी, तीच खांद्यावर शिवलेली सॅक. चेहरा अगदी रोजचा. मेलेल्या माणसाचा चेहरा कसा असायला हवा होता याची माझ्या मनात काहीतरी कल्पना असावी, कारण मला तो बघून राग येतो. वर्षभर मी झोपलो नाही नीट, आणि हा असा, दाढी करून आलेला.

"आरं, एवढा तरातरा कुठं निघालास?"

"पाचला बलवंत यायचाय."

"मग लई येळ हाय. थांब की."

तो वाकून बर्फातून काहीतरी बघतो. म्हैस उभी आहे. धारेवरच, मेखेला बांधलेली, आमच्या आळीतली असावी. तिच्या पाठीवर बर्फ पडतोय आणि वितळत नाही. भास्कर तिचे दोन्ही कान मुठीत धरतो आणि डोळे मिटून थांबतो, दवाखान्यात थांबायचा तसा.

"कान गार पडलं की जनावर हातचं गेलं समज," तो म्हणतो. मग तिला सोडून माझा कान धरतो. त्याचा हात गरम आहे. "तुझंबी गारच हायेत की रं."

"भास्कर, मला तुला काहीतरी..."

"चल. चालता चालता बोल. उभं राहिलं की गारठा धरतो."

आम्ही चालतो. मी पुढं, तो मागं. पायाखाली चुन्याची रेघ लागते. सरळ, माझ्या हातची, चारशे मीटरच्या धावपट्टीची. शाळेच्या मैदानावर बर्फ पडलाय आणि पाचशे पोरं रांगा करून पाठमोरी उभी आहेत. सगळ्यांच्या अंगात पांढरे शर्ट, त्यामुळे नुसती डोकीच दिसतात. मी शिट्टीसाठी गळ्याला हात लावतो. गळ्यात शिट्टी नाही. पी.टी. मास्तरच्या गळ्यात शिट्टी नसणं म्हणजे काय ते मास्तरलाच कळेल.

"तुझी शिट्टी माझ्याकडं हाय," भास्कर म्हणतो. तो शेवटच्या रांगेत, पोरांच्या मागं उभा आहे, साठीतला माणूस, खाकी चड्डीत. "तूच दिली होतीस."

दिली होती. पितळेची, वर निकेलचा मुलामा, आत बुचाची गोळी, फुंकली की गोळी आत घुमते आणि आवाज कुरकुरत दोन शेतं पार जातो. नोकरीच्या पहिल्या पगारातली. शेपटाच्या गळ्यात ती असायची, हा आमचा नियम. एक शिट्टी म्हणजे ठीक आहे, चला. दोन म्हणजे थांबा. हा नियमही माझाच, याच मैदानावरून डोंगरात नेलेला. चाळीस वर्षांत तो कधी चुकला नाही. हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात चुकला नाही, अलंग-मदनच्या कातळात चुकला नाही.

मैदानाच्या कोपऱ्यात खेळाच्या सामानाची खोली आहे. तिचं दार उघडं आहे आणि आत बलवंतसिंग दुकान मांडून बसलाय. हातमोजे, काठ्या, बुटाला बांधायचे लोखंडी काटे. मागच्या वर्षीसारखंच तो एक नारिंगी, चपटी, प्लॅस्टिकची शिट्टी पुढं करतो.

"साहब, ये ले लो. आपकी वाली का दाना जम जाएगा."

"प्लॅस्टिकची पिपाणी?" माझा आवाज मला ऐकू येतो, मागच्या वर्षीचा, मोठा, मजेत असलेला. "बलवंतजी, इस सीटी पर पाँच सौ बच्चे खड़े होते हैं. हमारा दाना नहीं जमता."

सगळे हसतात. भास्करही हसतो. मीही हसत असलेला दिसतो, आणि मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

"आता सांग," भास्कर म्हणतो. आम्ही पुन्हा धारेवर आहोत. धुकं इतकं खाली आलंय, की त्याचे पाय दिसत नाहीत. "त्या दिवशी एक ऐकली का दोन?"

"एक."

"मी दोन मारल्या."

"मला एकच आली, भास्कर. देवाशप्पथ एकच."

"व्हय. दुसरीला गोळी गोठली." कुणाची सायकल पंक्चर झाली हे सांगावं तसं तो सांगतो. "काट्याचा पट्टा सुटला होता माझा. म्हटलं, थांबवावं तुमाला. फुंकलं तर नुसती फूस."

एक ऐकली, आणि मी मागं वळूनही न बघता हात वर केला होता. ठीक आहे, चला. माझा हात बघून पुढचे चालू लागले. मी शेपटाच्या पुढचा, म्हणजे त्याचा निरोप पुढं द्यायचं काम माझं. पाव तासानं थांबलो तेव्हा मागं कुणीच नव्हतं.

"कडेला का बसलास?" मी विचारतो. वर्षभर मला हे विचारायचं होतं. माझा आवाज चढतो. "बलवंतनं दहा वेळा सांगितलं होतं, ती कड म्हणजे जमीन नाही, खाली काही नाही तिच्या!"

"आपल्याकडं कड म्हणजे दगुड असतो, मास्तर. दगडावरच बसतो की माणूस, बुटाची नाडी बांधाया. बसलो सवयीनं."

मीही तिथंच बसलो असतो.

तो खाली बसतो. मीही बसतो. फरशी गार आहे. शहाबादी फरशी, चुलीपाशी एक कोपरा तुटलेला. हे वहिनींचं स्वयंपाकघर आहे. गॅसच्या शेगडीवर बर्फ साचलाय, मिसळणाच्या डब्यात बर्फ आहे, आणि वहिनी आमच्याकडं पाठ करून ओट्याशी उभ्या आहेत. भिंत आहे तिथं भिंत नाही. तिथं खाली नुसतं धुकं आहे. भास्करनं डावा पाय पुढं पसरलाय आणि तो गुडघ्याखाली नको तिकडं वळलाय.

"हितं होतो मी," तो म्हणतो. "ईस-पंचीस फूट खाली. एक टप्पा होता बर्फाचा, त्याच्यावर."

"किती वेळ?"

"चांदण्या निघाल्या तवर आठवतंय. मग नाय."

"हाका मारल्यास?"

"मारल्या की. वारं वरनं खाली येत होतं. तुमच्या हाका मला येत होत्या, माझ्या तुमाला जात नव्हत्या. तू लई वरडलास, मास्तर. घसा बसला आसंल."

मी रडतो. स्वप्नात रडताना आवाज होत नाही, फक्त तोंड दुखतं. आम्ही वर उभे होतो. दोर नव्हता, कड कुठं तुटेल सांगता येत नव्हतं, अंधार पडत होता, बलवंत माणसं आणायला खाली धावला होता. सगळी कारणं खरी आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला तेव्हा शिट्टी त्याच्या ओठाला चिकटलेली होती, आणि ती बलवंतनं काढली.

"शिट्टी मारत होतो," तो म्हणतो. "गोळी गोठलेली, आवाज नाय. पितळ गार, ओठाला चिकटायचं. वढलं की सालटं यायचं."

"मग कशाला मारलीस पुन्हा?"

"तूच म्हणायचास ना, शेपटानं शिट्टी सोडायची नाय म्हणून."

ओट्याशी वहिनी काहीतरी वळतायत. मेथीचे लाडू. वर्षातून एकदा, थंडीत करतात, आणि डबा देताना दर वेळी विचारतात, कडू झालेत का हो? वास येतो, तुपाचा आणि मेथीचा. मी हळूच विचारतो, "वहिनींना ऐकू येत नाही का आपलं?"

"कसं येईल? तू सांगितलंस ना तिला, मला काय कळलंच नाय म्हणून." त्याच्या आवाजात राग नाही, आणि तेच मला सहन होत नाही. "मी जातो तिच्या सपनात. पर तितं मी नुसता पडतो. पडलो की खलास. बोलू कधी? ती दचकून उठती आन दिवा लावून बसती."

"मी तिच्यासाठी सांगितलं तसं. तिला त्रास नको म्हणून."

भास्कर माझ्याकडं बघतो. दवाखान्यात लोक जनावर का आजारी पडलं याच्या थापा मारायचे, आणि चारा न घातलेला माणूस तो असाच बघून ओळखायचा.

"नाही," मी म्हणतो. "माझ्यासाठी सांगितलं."

"मग ठीक हाय." तो खिशातून काहीतरी काढतो आणि माझ्यापुढं धरतो. अर्धा लाडू. दातांची खूण असलेला. "आर्धा खाल्ला होता. आर्धा सकाळसाठी ठेवला, तुमी याल म्हणून. कुठं गेला रं तो?"

मी फेकला. त्याच्या जाकिटाच्या खिशात सापडला होता, कागदात नीट गुंडाळलेला. खिशात अर्धा लाडू जपून ठेवणारा माणूस जागीच गेला, यावर कोण विश्वास ठेवील? म्हणून मी तो दरीत फेकला. पोलीस दुसरीकडं बघत होते.

"मी फेकला," मी म्हणतो.

"तिला सांग, औंदा कडू झालं नव्हतं."

तो उठतो. पाय सरळ आहे. गळ्यातली शिट्टी काढून तो माझ्या गळ्यात अडकवतो, बक्षीस समारंभात पोरांच्या गळ्यात मी पदकं अडकवायचो तशी, जरा खाली वाकून. मग तो माझ्या पुढं होतो. भास्कर कधी माझ्या पुढं चाललेला नाही.

"आता शेपूट तू," तो म्हणतो.

धार लांब आहे आणि तो भरभर चालतो. शेण बघायला थांबत नाही. वाटेवर शेण नाहीच. निळी टोपी धुक्यात जाते, दिसते, पुन्हा जाते. त्याला थांबवायचंय मला. अजून मी त्याला काहीच सांगितलेलं नाही, माफ कर म्हणायचं राहिलंय, एवढी एक गोष्ट बोलायला आलो आणि तीच राहिली. मी शिट्टी तोंडात धरतो. पितळ ओठाला चिकटतं. मी फुंकतो. कुरकुरत, घुमत, स्वच्छ आवाज जातो. एक.

लगेच दुसरी फुंकतो. नुसती फूस.

पुन्हा फुंकतो. आत काही हलत नाही. शिट्टी ओढून काढतो, ओठ जळतो, हातावर आपटतो, पुन्हा तोंडात धरतो, छाती फुटेल इतकं फुंकतो. वारा.

लांब पुढं भास्कर मागं वळूनही बघत नाही. तो हात वर करतो. ठीक आहे, चला. आणि चालू लागतो.

"भाऊजी. अहो भाऊजी."

खिडकीतलं ऊन गेलंय. खोलीत धुराचा आणि चहाचा वास आहे. मी रजईत आहे, पायात बूट आहेत, आणि सिंधू वहिनी हातात स्टीलचा पेला घेऊन कॉटजवळ उभ्या आहेत. त्यांच्या दुसऱ्या हातात पर्स आहे. ती त्या वर्षभर कुठंच खाली ठेवत नाहीत.

"किती वेळ कण्हत होता. मी दोनदा येऊन गेले. चहा घ्या, पाच वाजत आले."

मी उठून बसतो. उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा लाल डाग आहे. जीभ ओठावरून फिरवतो तर खारट लागतं, आणि खालच्या ओठाला सालटं लोंबत असल्याचं कळतं. हाताच्या पाठीनं पुसतो. हाताला रक्त लागतं.

वहिनी वाकून बघतात. पेला त्यांच्या हातात तसाच राहतो.

"भाऊजी, तुमच्या ओठाला काय झालं?"

थंडीनं फुटतात ओठ वर. उत्तर तयार आहे, एकदा वापरलेलं, आणि त्या पुन्हा मान हलवतील हेही मला माहीत आहे. बाहेर फाटक वाजतं. कुणीतरी पायरीवर बूट आपटून बर्फ झाडतंय. घरमालकीण म्हणते, "आओ बलवंत, बैठो."

मी त्यांच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवतो.

"वहिनी, बसा. त्याला बाहेरच बसू दे थोडा वेळ."

त्या कॉटच्या कडेवर बसतात. पर्स मांडीवर घेतात. मी तोंड उघडतो, आणि आवाज येतो.

"तुमच्या रुमालात बांधलीय ना, ती शिट्टी माझी आहे."